उत्तर ध्रुवावरून निघालेला बर्फ रोमजवळ का सुटतो?

या महिन्याची पत्रं वेगवेगळ्या गावांहून आली, पण निम्मी एकाच गोष्टीभोवती फिरताहेत: गोल, गुळगुळीत जागेवरून घसरणारी वस्तू. मला हा विषय भारी आवडतो, त्यामुळे बाकीची पत्रं (प्रेशर कुकरच्या शिट्टीवरची धरून) पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. रागावू नये.

प्रश्न: सुट्टीत मुलांना घेऊन विजापूरचा गोल घुमट पाहून आलो. गच्चीवर उभं राहून घुमटाकडे बघताना मुलगा म्हणाला, "माथ्यावरून काही घसरलं तर ते अर्ध्यातच सुटून हवेत जाईल." मी म्हटलं, खाली उतार वाढतच जातो, तेव्हा वस्तू घुमटाला धरूनच खाली येणार. सोलापूर येईपर्यंत वाद मिटला नाही. कोण बरोबर? (एक वाचक, सोलापूर)

चिरंजीव बरोबर. त्याला पेढे द्या आणि पुढचं एकत्र बसून वाचा.

वस्तू घुमटावर असताना तिच्यावर दोन बलं असतात. एक गुरुत्वाकर्षण, सरळ खाली. दुसरं घुमटाचं, पृष्ठभागाला काटकोनात, बाहेरच्या दिशेने. या दुसऱ्या बलाची एक मर्यादा आहे आणि आजच्या सगळ्या उत्तरांचं मूळ तिथेच आहे: घुमट वस्तूला बाहेर ढकलू शकतो, आत ओढू शकत नाही. तुम्ही खुर्चीवर बसता तेव्हा खुर्ची तुम्हाला वर रेटते, पण उठायला लागलात तर धरून ठेवत नाही, तसंच.

आता, वर्तुळाच्या वाटेने जायचं तर वस्तूला सतत केंद्राकडे वळवावं लागतं. वळवणारं बल हवं, आणि वेग वाढला की ते वेगाच्या वर्गाच्या पटीत जास्त हवं. घुमट आत ओढत नाही म्हटल्यावर हे काम करणार कोण? फक्त गुरुत्वाकर्षण, आणि तेही त्याचा जेवढा हिस्सा केंद्राकडे जातो तेवढाच. माथ्यावर सगळंच वजन केंद्राकडे असतं. खाली उतरावं तसा हा हिस्सा घटत जातो, कारण उतार उभा होतो आणि वजनाचा मोठा भाग वस्तूला पुढे पळवण्यात खर्ची पडतो. तुमचा उताराचा मुद्दा खरा आहे, निष्कर्ष मात्र नेमका उलटा निघतो. उतार वाढला की वेग वाढतो, म्हणजे मागणी वाढते. आणि पुरवठा त्याच वेळी आटतो. दोन्ही बरोबरीला आले की घुमटाचं ढकलणं शून्यावर आलेलं असतं. तिथून पुढे वस्तू आपल्या वाटेने जाते, भिरकावलेल्या दगडासारखीच. तिला कोणी उडवलेलं नसतं. घुमट तिच्यापेक्षा जास्त वेगाने वळतो, एवढंच.

ही जागा माथ्यापासून त्रिज्येच्या बरोबर एक तृतीयांश खाली असते. कोनात सांगायचं तर माथ्यापासून सुमारे ४८.२ अंशांवर. म्हणजे उंचीने पाहिलं तर एक तृतीयांश, आणि कमानीवरून मोजलं तर माथा ते पायथा या अंतराच्या निम्म्याच्या थोडं पुढे. मुलाचं "अर्ध्यातच" इतकं जवळचं निघालं याचं मलाही कौतुक वाटलं.

मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पुरी झाली. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, म्हणजे त्रिज्या २२. तो अचूक अर्धगोल आहे आणि आरशासारखा गुळगुळीत आहे असं धरलं, तर वस्तू माथ्यापासून सव्वासात मीटरच्या किंचित खाली सुटेल. तेव्हा तिचा वेग सेकंदाला १२ मीटर असेल, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. आणि ती घुमटाच्या पायथ्याच्या पातळीला येईल ती पायथ्याच्या कडेपासून पावणेतीन मीटर बाहेर. तुम्ही गच्चीवर कडेला खेटून उभे असाल तर ती तुमच्या डोक्यावरून जाईल.

खरा घुमट गुळगुळीत नाही, हे सांगायलाच हवं. खडबडीत गिलाव्यावर ठेवलेला दगड माथ्याजवळ हलणारच नाही. घर्षणांक (घर्षण दाबाच्या किती पट होऊ शकतं तो आकडा) ०.६ धरला तर ३१ अंशांपर्यंत तो जिथे ठेवाल तिथे बसून राहील. घसरला तरी घर्षणाने वेग कमी पडतो, मागणी उशिरा वाढते, आणि दगड ४८ अंशांच्या पुढे जाऊन सुटतो किंवा मध्येच अडकतो.

प्रश्न: सर, क्लासमध्ये "कोसाइन थीटा बरोबर दोन तृतीयांश" असं पाठ करून घेतलंय. पण त्यात वस्तुमान नाही, त्रिज्या नाही, गुरुत्वत्वरणही नाही. मग चंद्रावरसुद्धा तेच उत्तर येणार का? आणि माथ्यावर धक्का दिला तर? (अकरावीची विद्यार्थिनी, लातूर)

पाठ केलेलं विसर, ते दोन ओळींत पुन्हा काढता येतं. वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले उतरलेल्या उंचीची दुप्पट. त्याला त्रिज्येने भागलं की लागणारं केंद्राकडचं त्वरण मिळतं. आणि गुरुत्वाकर्षणाकडून मिळणारं केंद्राकडचं त्वरण म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले केंद्रापासून उरलेली उंची, भागिले त्रिज्या. दोन्हीकडचं गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या उडवून टाक. हातात राहतं ते असं:

उतरलेल्या उंचीची दुप्पट = उरलेली उंची.

दोन्हींची बेरीज त्रिज्येएवढी, म्हणून उतरलेली उंची एक तृतीयांश, उरलेली दोन तृतीयांश. थीटा म्हणजे माथ्यापासूनचा कोन, आणि उरलेली उंची भागिले त्रिज्या हाच त्याचा कोसाइन. यात भौतिकशास्त्र संपून भूमिती उरते, म्हणून चंद्रावरही कोन तोच. वेळ मात्र बदलतो: चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश, म्हणून तेवढीच घसरण तिथे सुमारे अडीच पट सावकाश होईल.

धक्क्याचं उत्तरही याच ओळीत आहे. धक्क्याने जो वेग मिळाला तो किती उंचीवरून पडून मिळाला असता, ते काढ आणि उतरलेल्या उंचीत मिळव. ही काल्पनिक उंची त्रिज्येच्या निम्मी झाली की वस्तू माथ्यावरच घुमट सोडते, एक अंशही घसरत नाही. तुझ्या पुस्तकातली "वेगाचा वर्ग गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्येएवढा" ही अट ती हीच. गोल घुमटाच्या मापाला हा वेग ताशी ५३ किलोमीटर येतो.

आणखी एक वाट दाखवतो. ती क्लासमध्ये दाखवतात की नाही कोण जाणे, पण मला ती मूळ रीतीपेक्षा देखणी वाटते. फक्त आडवा वेग बघ. गुरुत्वाकर्षण सरळ खाली, त्यामुळे आडवा वेग वाढवणारं एकच बल आहे, घुमटाचं. घुमट ढकलतो तोवर आडवा वेग वाढतो. ढकलणं शून्य झालं की वाढणं थांबतं. मग वर्तुळावरच्या वाटेत आडवा वेग कुठे सर्वांत जास्त असतो ते शोध. कोसाइनचा वर्ग गुणिले (१ वजा कोसाइन), याची कमाल किंमत काढायची. उत्तर दोन तृतीयांशच येतं. बलांचा समतोल न मांडता!

परीक्षेत छळणारा एक प्रकार सांगून ठेवतो: अर्धगोल स्वतःच गुळगुळीत जमिनीवर ठेवलेला. वस्तू एका बाजूला घसरते तसा तो दुसऱ्या बाजूला सरकतो. दोघांचं वस्तुमान सारखं असेल तर कोसाइन येतो वर्गमूळ ३ वजा १, म्हणजे ०.७३२, आणि कोन सुमारे ४३ अंश. अर्धगोल जितका हलका तितकी सुटका लवकर. इथे वस्तुमान उत्तरात परत येतं, हे लक्षात ठेव.

प्रश्न: घसरण्याऐवजी गोटी गडगडत आली तर? (एक वाचक, चिपळूण)

उशिरा सुटेल. पडण्याच्या ऊर्जेतला दोन सप्तमांश भाग गोटीला गिरक्या मारायला लागतो, पुढे जायला पाच सप्तमांशच उरतात. न घसरता गडगडली तर कोसाइन १० भागिले १७, कोन सुमारे ५४ अंश. पोकळ चेंडूला ५७ अंश. पण यात एक गोम आहे. गडगडायला घर्षण लागतं, घर्षणाला दाब लागतो, आणि सुटण्याच्या जागेजवळ दाब शून्याकडे चाललेला असतो. म्हणून कुठलीही खरी गोटी शेवटच्या टप्प्यात गडगडणं सोडून घसरू लागते. ५४ हा आकडा कागदावरचा.

प्रश्न: वर्गात हे दाखवायला काही सोपं साधन आहे का? आमच्या प्रयोगशाळेत फारसं काही नाही. (एक शिक्षिका, अकोले)

भूगोलाच्या कपाटात आहे. पृथ्वीगोल काढा! तो आसावरून सोडवा, घरून एक चुंबळ आणा आणि उत्तर ध्रुव बरोबर वर येईल असा गोल तिच्यावर बसवा. ध्रुवाच्या भोकावर चिकटपट्टी लावा. गोल ओल्या फडक्याने पुसा आणि बोटाच्या पेराएवढा बर्फाचा खडा ध्रुवावर ठेवून सोडा.

माथ्यापासून ४८.२ अंश म्हणजे ४१.८ अंश उत्तर अक्षांश. अक्षांशाच्या रेषा गोलावर छापलेल्याच असतात, कोनमापक नको. रोम आणि शिकागो दोन्ही ४१.९ अंशांवर आहेत, तेव्हा मुलांना आधी दोन संघ करून शहरं वाटून द्या. खडा खरं तर थोडा दक्षिणेलाच सुटेल, कारण बर्फालाही थोडं घर्षण असतंच. पुढे त्याच जागी गोटी सोडा, ती आणखी दक्षिणेला जाईल. ३६ अंश, म्हणजे जिब्राल्टरच्या आसपास, ही तिची हद्द.

डोळ्याने हे टिपता येत नाही. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावरून सुटताना खड्याचा वेग सेकंदाला एक मीटर असतो. मोबाइलवर स्लो मोशन लावा, मोबाइल गोलाच्या मध्याच्या उंचीला धरा आणि मागे पांढरा कागद किंवा दिवा ठेवा. खडा आणि गोल यांच्यात उजेडाची फट दिसली की चित्र थांबवायचं. आमच्या कॉलेजात आम्ही हे मेसच्या कढईवर करायचो, पण बहुतेक कढया उथळ निघतात. तोंड ६० सेंटीमीटर असेल तर खोली साडेतेराच्या वर हवी, नाहीतर ४८ अंश येण्याआधी काठच येतो.

प्रश्न: आमच्या गावच्या गतिरोधकावरून मोटारसायकल नेली की मागे बसलेली बायको सीटवरून वर उडते आणि बोलणी मला बसतात. वेग किती ठेवावा? (एक वाचक, कराड तालुका)

वहिनींचं बरोबर आहे. गतिरोधक म्हणजे घुमटाचा छोटा तुकडाच, आणि तुम्ही त्याच्या माथ्यावर आधीच वेगात पोचता. वर लातूरच्या मुलीला सांगितलेली अट इथे लागू होते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक मापात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, वक्रतेची त्रिज्या (तो ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या) १७ मीटर, आणि तो ताशी २५ किलोमीटरने ओलांडायचा असतो. त्या वेगाला माथ्यावर तुमचं वजन तीस टक्क्यांनी हलकं होतं, पोटात किंचित गोळा येतो, बस. टेकण सुटायला ताशी ४६ लागतात.

आता गावात रातोरात उगवतो तो गतिरोधक घ्या: ६० सेंटीमीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच. वक्रतेची त्रिज्या अवघी साडेसदतीस सेंटीमीटर. चाकाची त्रिज्या मिळवली तरी हिशेब ताशी ९ किलोमीटरवर येऊन थांबतो. म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या वेगालाही चाक उचललं जाणार. त्यावर मागच्या शॉकअॅब्सॉर्बरची दाबलेली स्प्रिंग नेमकी त्याच क्षणी वर सुटते, आणि मागची सीट त्याच चाकावर असते. स्प्रिंगचा हा धक्का माझ्या हिशेबात नाही, तेव्हा प्रत्यक्ष मर्यादा त्याहून कमीच धरा. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय सोडून. आणि ग्रामपंचायतीत १७ मीटरचा आकडा लिहून अर्ज द्या.

प्रश्न: धरणाच्या सांडव्यावरून पाणी इतकं वेगाने येतं, तरी ते काँक्रीटला चिकटून खाली उतरताना दिसतं. तुमच्या नियमाप्रमाणे ते सुटायला हवं. का सुटत नाही? (एक वाचक, इंदापूर)

कारण सांडवा गोल नसतो. ज्यांनी त्याचा आकार ठरवला त्यांनी हाच प्रश्न आधी विचारला होता.

पातळ पत्र्याच्या धारदार कडेवरून पाणी ओसंडू दिलं तर त्याची एक कमान तयार होते. तिची खालची बाजू कडेपासून आधी किंचित वर जाते आणि मग खाली वळते. अभियंत्यांनी काय केलं, तर त्या कमानीखालची पोकळी काँक्रीटने भरली. म्हणजे पाणी मोकळेपणी ज्या वाटेने पडलं असतं, तीच वाट पक्की बांधली. पाण्याला वळवायला काँक्रीटची गरज नाही आणि काँक्रीट सोडून जायचं कारणही नाही. दोघं जेमतेम स्पर्श ठेवून खाली येतात. अमेरिकी लष्कराच्या व्हिक्सबर्गच्या जलप्रयोग केंद्राने या वक्राचं जे समीकरण रूढ केलं त्यात खाली गेलेलं अंतर हे आडव्या अंतराच्या १.८५ व्या घाताप्रमाणे वाढतं. भिरकावलेल्या दगडाला हा घात २ असतो. किती जवळ, पाहा.

पण ही वाट एका ठरावीक पाणपातळीसाठी बांधलेली असते. माथ्यावरून पाणी त्याहून कमी उंचीने वाहत असेल तर ते काँक्रीटवर दाब देत उतरतं, काळजी नाही. त्याहून जास्त आलं तर त्याची मोकळी वाट आणखी लांब जाणारी असते आणि ते काँक्रीट सोडू बघतं. इथे आपल्या नियमात हवा शिरते. किंवा खरं म्हणजे शिरत नाही, अडचण तीच आहे. पाण्याखाली हवा जायला जागा नसते, म्हणून वरची हवा पाण्याला काँक्रीटवर दाबून धरते आणि मधला दाब वातावरणाच्या खाली जातो. काँक्रीट अजूनही ओढत नाहीच, काम वरची हवा करते. तिची ताकद सुमारे दहा मीटर पाण्याच्या स्तंभाएवढी. थोडंसं असं झालं तर सांडव्यातून पाणी उलट जास्त जातं, आणि अभियंते त्याचा मर्यादित फायदा घेतातही. फार झालं तर पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात, ते काँक्रीटजवळ फुटतात आणि पृष्ठभागाला खळगे पाडतात. चांगलं काँक्रीटही त्यापुढे टिकत नाही.

कुठल्या धरणाला किती चालेल हे नुसत्या सूत्राने ठरवत नाहीत, छोटी प्रतिकृती करून बघतात. तुमच्यापासून फार लांब नाही, खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे सांडव्यांच्या अशा प्रतिकृतींवर पाणी सोडून दाब मोजतात.

प्रश्न: तुम्ही सगळे हिशेब "माथ्यावरून घसरली" असे सुरू करता. पण वस्तू बरोबर माथ्यावर, अगदी स्थिर ठेवली तर ती घसरेलच का? (एक वाचक, पुणे)

पुण्याहून हे पत्र येणार याची खात्री होती.

कागदावर उत्तर: नाही घसरणार. बरोबर माथ्यावर बाजूला ढकलणारं बल शून्य, म्हणजे त्वरण शून्य, वस्तू युगानुयुगं तिथेच. पण हा समतोल किती तकलादू आहे ते पाहा. माथ्यापासून थोडं जरी सरकलं तर ते सरकणं ठरावीक काळात दुप्पट होत जातं. गोल घुमटाच्या मापाला हा काळ जवळजवळ एक सेकंद येतो. आता समजा तुम्ही वस्तू एका अणूच्या रुंदीइतकीच बाजूला ठेवली, बाकी सगळं अचूक, घर्षण नाही, वारा नाही. दर सेकंदाला दुप्पट, दुप्पट. सुमारे ४० सेकंदांत ती ४८ अंशांवर पोचून घुमट सोडेल. शाळेच्या पृथ्वीगोलावर हेच तीन सेकंदांत होईल. म्हणून आम्ही "घसरली" असं बेधडक लिहितो.

खरी गंमत मात्र घुमटाचा आकार बदलल्यावर आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातले विज्ञानाचे तत्त्वज्ञ जॉन नॉर्टन यांनी २००३ मध्ये असा एक घुमट मांडला, ज्यात खाली गेलेली उंची ही माथ्यापासूनच्या अंतराच्या दीड घाताप्रमाणे वाढते. दिसायला साधा, पण टोकाशी तो आपल्या गोलापेक्षा कितीतरी तीव्रतेने वाकलेला असतो. या घुमटावर पायथ्याकडून वस्तू नेमक्या वेगाने वर सोडली तर ती ठरावीक वेळात माथ्यावर पोचते आणि तिथे थांबते. (गोल घुमटावर असं होत नाही, तिथे नेमक्या वेगाने निघालेली वस्तू माथ्याकडे अनंत काळ सरकतच राहते.) आता हीच हालचाल काळ उलटा करून पाहा, कारण न्यूटनच्या नियमांना काळाची दिशा कळत नाही. माथ्यावर स्थिर असलेली वस्तू कोणीही न ढकलता, कुठल्याही क्षणी, कुठल्याही बाजूला चालू लागते, आणि त्यात एकही नियम मोडत नाही. ती कधी निघेल हे ते नियम सांगत नाहीत.

यावर तत्त्वज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ अजून भांडताहेत. माझं मत विचाराल तर असा घुमट दगडात कोरता येत नाही, टोकाशी अणू आडवे येतात, त्यामुळे विजापूरला काही धोका नाही. पण "न्यूटनच्या नियमांवरून वस्तूचं पुढचं सगळं ठरतं, चूक की बरोबर" हा प्रश्न बारावीच्या पेपरात मी तरी घालणार नाही.